धारेवर मी रडत होतो

८ डिसेंबर, रविवार
गुडघे ठणकतायत. पँट मागून फाटली. सौ.ला सांगितलं, करवंदीच्या जाळीत अडकली. खोटं. बुडावर बसून सरकलो म्हणून फाटली.
रविवारच्या भटक्या ग्रुपसोबत कन्नडच्या पलीकडची डोंगराची धार. खालच्या वाडीतले लोक नुसतं ‘धार’च म्हणतात, दुसरं नाव नाही. डाव्या हाताला डोंगर एकदम तुटलेला, खाली धुक्यात खानदेश. उजव्या हाताला आपला मराठवाडा, कापूस, मका, एक पाझर तलाव. मधे जेमतेम दोन हात वाट, तीही घसाऱ्याची, सुट्या मुरमाची. तीस वर्षं फळ्यावर जलविभाजक काढून दाखवला पोरांना. इकडचं पाणी गोदावरीला, तिकडचं तापीला. आज त्याच्यावर उभं राहिलो आणि पायातलं बळच गेलं. बाकीचे पुढं गेलेले. मीच शहाणपणा केला होता, व्हा पुढं, मी नजारा बघत येतो.
बसलो. बुडावरच थोडा सरकलो, मग पुढं होईना, मागं होईना. किती वेळ गेला देव जाणे.
मागून शेळ्या आल्या आणि शेळ्यांमागून एक आजी. ठकूबाई. सत्तरीच्या पुढची, पायात प्लास्टिकच्या चपला. म्हणाली, “खाली नका बघू. माझ्या टाचंकडं बघा.” हात धरून उठवलं आणि चालायला लागली. मी रडत होतो. आई आई म्हणत होतो. एकसष्ट वर्षांचा माणूस.
पलीकडं पोचल्यावर तिला नीट धन्यवादसुद्धा दिले नाहीत. ग्रुपमधली पोरं समोरून येत होती ना.

९ डिसेंबर, सोमवार
ओंकारनं (ग्रुपमधला इंजिनीअर पोरगा) ग्रुपवर फोटो टाकला. पलीकडच्या टोकावरून काढलेला. धार, दोन्हीकडं नुसतं आभाळ, आणि मधे आम्ही. ठकूबाई पुढं, मी मागं, तिचा हात माझ्या हातात. मी ताठ. भीतीनं ताठलेलो, पण फोटोत ते कळत नाही. खाली ओळ, ‘आमचे सर! आजींना धार पार करून देताना.’
लोकांनी वाहवा सुरू केली. मी वाचत बसलो. लिहायला घेतलं, अरे उलटं आहे. मग म्हटलं, जाऊ द्या, कशाला.
खोटं बोललो नाही. बोललोच नाही.
सौ.नं फोटो तिच्या बहिणींना पाठवला.

१५ डिसेंबर, रविवार
सकाळी गोगाबाबा टेकडीवर तोच ग्रुप. एकानं विचारलं, सर, तुम्हाला भीती नाही वाटली? माझ्या तोंडातून आपसूक निघालं, “मला कसली? म्हातारीच बिचारी थरथरत होती.”
मग हेच तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी तर तिच्या रडण्याचंही वर्णन केलं. माझंच रडणं उचलून तिला दिलं.
ओंकार म्हणतो, पुढच्या रविवारी वाडीवर जाऊ, आजींचा सत्कार करू. शाल आणि चालायची काठी.
काठी! रोज शेळ्या घेऊन जी धार ओलांडते तिला काठी. हसावं का डोकं आपटावं.

२२ डिसेंबर, रविवार
ताप आल्याचं नाटक चाललं नाही. सौ.नं हात लावून बघितला, म्हणाली, ऊठ.
वाडीवर गेलो. ठकूबाईच्या अंगणात सतरंजी टाकलेली. तिचा मुलगा भगवान आलेला, वाळूजला कंपनीत आहे. फोटो त्याच्यापर्यंत पोचलाय. आल्या आल्या माझ्या पाया पडला. मी पाय मागं घेतले, त्याला वाटलं नम्रपणा.
ओंकारनं भाषण केलं. मग आजींना म्हणाला, बोला दोन शब्द. ठकूबाई सरळ म्हणाली, “आवो मीच आणलं ह्यांना हाताला धरून. लेकरावानी रडत व्हते.”
सगळे खो खो हसले. आजी लई मिश्कील आहेत म्हणे.
ती माझ्याकडं बघत राहिली. वाट बघत होती.
मी हसलो. सगळ्यांसारखा, थोडा जास्तच मोठ्यानं.
एवढ्यावर संपलं असतं तरी बरं होतं. चहा पिताना भगवाननं सांगितलं, आईला शपथ घालून तिचं धारेवर जाणं बंद केलंय. पुढच्या शनिवारच्या बाजारात शेळ्या विकणार आणि तिला वाळूजच्या खोलीवर नेणार. “सर नसते तर आमची म्हातारी गेली व्हती,” म्हणाला. ठकूबाई मला म्हणाली, “गुर्जी, तुमी तरी सांगा की ह्याला.”
आणि मी म्हणालो, “मुलगा काळजीपोटीच म्हणतोय, आजी.”
हे वाक्य मी म्हणालो. मीच. लिहून ठेवतो म्हणजे उद्या स्वतःपाशी तरी नाकारता येणार नाही.

२३ डिसेंबर, सोमवार
सौ.ला सगळं सांगितलं. वाटलं, धक्का बसेल. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. म्हणाली, “पँटला रफू करतानाच कळलं होतं. काट्यानं कापड फाटतं, असं घासून विरत नाही.” मग बहिणींना का पाठवला फोटो? तर म्हणे, वाटलं होतं तू स्वतःच सांगशील.


२५ डिसेंबर, बुधवार
एकटाच गेलो. एसटीनं कन्नड, पुढं काळीपिवळी जीप.
ठकूबाई ओट्यावर बसलेली. शेळ्या खुंट्याला बांधलेल्या, ओरडत होत्या. चारा पुढ्यात होता तरी. धार समोरच, दुपारच्या उन्हात लख्ख, कड्याची रेघ न् रेघ मोजता येईल अशी. ती शेळ्यांकडं बघत नव्हती, धारेकडंच बघत होती. म्हणाली, सोळा वर्षांची होऊन ह्या वाडीत आले तेव्हापासून एक दिवस चुकला नाही. बाळंतपणं सोडून. वाळूजच्या खोलीला खिडकी आहे, समोर भिंत आहे. परवा भगवानबरोबर जाऊन बघून आलीय.
मी माफी मागितली. हात जोडले, डोळ्यांत पाणीपण आलं. खरं पाणी. तिला त्याचं काहीच वाटलं नाही.
“मला कशाला सांगता? मला ठावं हाय की,” म्हणाली. “भगवानला सांगा. माझं बोलणं त्याला म्हातारीची बडबड वाटती. तुमचं ऐकंल तो. मास्तर हाय तुमी.”
चहा दिला. 
परतताना एसटीतून भगवानला फोन लावला. त्यानं उचलून आधी बायकोला ओरडून सांगितलं, सरांचा फोन आहे. मग मला म्हणाला, तुमचा फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय. मी म्हणालो, आईला जपा. फोन ठेवला.
थू माझ्यावर.

२६ डिसेंबर, गुरुवार
ग्रुपवर लिहायला घेतलं चारदा. चारही वेळा ते वाचून माझ्याबद्दल चांगलं वाटेल असंच लिहिलं गेलं. ‘खरं मोठेपण आजींचं’ वगैरे. पुसलं. आधी भगवान. ग्रुप नंतर. तोंडासमोर बोलायचं, फोनवर माझी जीभ पळवाट काढते.
सौ.ला सांगितलं, उद्या वाळूजला जातो.  तिनं रफू केलेली पँट इस्त्री करून ठेवली.

२७ डिसेंबर, शुक्रवार
वाळूज. कंपनीच्या गेटसमोर चहाची टपरी. सुट्टीच्या तासभर आधीच आलोय, उशीर झाला असं कारण नको मिळायला. उद्या बाजार.
पहिलं वाक्य ठरवलंय. भगवान, धारेवर मी रडत होतो, तुझी आई नाही. एवढंच. आजूबाजूची प्रस्तावना नाही, फोटो कसा काढला गेला ते नाही. दोनदा पुटपुटून बघितलं. टपरीवाला बघायला लागला.
पुन्हा धारेवर बसल्यासारखं आहे. पण इथं कुणी मागून येणार नाही.
भोंगा झाला. माणसं बाहेर पडतायत. भगवाननं बघितलं मला. सोबतच्या दोघांना काहीतरी सांगतोय, माझ्याकडं बोट दाखवून. तिघंही हसत इकडंच येतायत.
तिघांसमोर सांगावं लागणार. वही ठेवतो.