भूमिदेवाने मागितला माझा गाळा

लिउशान, तैवान

आदरणीय चाओ-वांग दाजींना चिन-शुईचा वाकून नमस्कार. ताईचा खोकला आता कसा आहे? (तिला म्हणावं, आल्याचं पाणी पी, टीव्हीवरची औषधं मागवू नकोस.) आमच्याकडे सगळी खुशाली आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर दाजी, माझं वाटोळं झालं.

तुम्हाला ठाऊक आहेच, आमचा बाजार पाडून तिथे इमारत उठणार आहे: तळघरात मोटारी, रस्त्याला लागून दुकानं, वर लोकांची घरं. नगरपालिका आणि बिल्डर यांचा तसा करार झालाय. त्या करारात कोपऱ्यावरचा गाळा माझ्या माशाच्या गोळ्यांच्या सूपच्या गाड्यासाठी लिहून घेताना मी नगरपालिकेतल्या कुओ बाईंचे इतके उंबरठे झिजवले, की तिथला शिपाई मला चहा विचारायला लागला. पण गाळा काय मिळाला म्हणता! रस्त्यावरून दिसणारा, वर एकही मजला नाही, थेट आकाश. खाण्याच्या बाकी गाड्यांच्या नशिबी तळघर. मी छाती काढून हिंडत होतो.

मग कुणाला तरी आठवलं, की बाजारातल्या भूमिदेवाचं काय? करारात एवढंच होतं, 'देऊळ योग्य जागी हलवावे.' योग्य म्हणजे कुठे, कपाळ? गच्चीवर न्यावं तर भूमिदेवाचे पाय जमिनीला लागले पाहिजेत. तळमजल्यावर बसवावं तर सगळ्या बिऱ्हाडांचे संडास त्याच्या डोक्यावर. बिल्डरच्या माणसाने नकाशा उलटासुलटा करून पाहिला. शेवटी कुओ बाई (चांगल्या शिकलेल्या, चष्मेवाल्या) म्हणाल्या, "चिन-शुईकाका, तुम्ही देवळाचे अध्यक्ष. देवालाच विचारा ना! त्याचा होकार आल्याशिवाय मी कागद पुढे नेणार नाही. माझी आई मला घरात घ्यायची नाही."

लावला कौल. लाकडाचे दोन तुकडे टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला की होकार, आणि तो लागोपाठ तीनदा हवा. गच्ची? नाही. बागेचा कोपरा? नाही. जिन्याखाली? दोन्ही तुकडे उताणे, म्हणजे देव हसला. अख्खा बाजार मागे उभा, माझी बायको आ-लुआन डोळे मिटून हात जोडून, बिल्डरचा माणूस घड्याळाकडे बघतोय. पोटात कावळे ओरडत होते, माझं डोकं फिरलं. तुकडे हातात असताना तोंड सांभाळावं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. आणि मी अध्यक्ष, मी बोललो, "मग काय, माझा गाळा हवाय का तुला?" आणि टाकले.

होकार! म्हटलं, चुकून पडला असेल. पुन्हा होकार. तिसऱ्यांदा, दाजी, एक तुकडा कडेवर उभा राहून भिरभिरला, मला वाटलं सुटलो, आणि मग मेला सावकाश पालथा पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुओ बाईंनी तिथल्या तिथे करारात दुरुस्ती केली. मासळीवाला लिआओ म्हणतो कसा, "भाग्यवान आहेस बाबा, देवाने तुझ्याकडे मागितलं!" त्याच्या बापाचं काय जातंय? मी आता तळघरात, पेट्रोलच्या वासात सूप उकळणार. कोण येणार उतरून? घास गिळवत नाही मला. ताईकडे आशीर्वाद मागतो, तुम्हाला काळजी देतो.

आपला,
चिन-शुई

ता.क. पत्र लिहायचं खरं कारण असं, की तुम्ही तुमच्या गावच्या नगरदेवाच्या देवळाचे पंच आहात. नगरदेव म्हणजे भूमिदेवाचा वरचा साहेब. तेव्हा त्याच्या पायाशी माझा अर्ज घालाच: आमच्या भूमिदेवाने हुद्द्याचा गैरफायदा घेऊन गाळा बळकावला आहे, तरी त्याची ताबडतोब बदली व्हावी.

आणखी एक. वरचं राहू द्या. पाकीट चिकटवण्याआधी पत्र आ-लुआनला वाचून दाखवलं. वाटलं, हसेल. ती भांडी घासायची थांबली. म्हणाली, "त्या दिवशी मीच मागत होते देवाकडे. हा गाडा एकदाचा सुटू दे म्हणून. दिवसभर सूप वाढत उभं राहणं माझ्या गुडघ्यांना आता सोसत नाही हो." आणि मी समजत होतो, माझ्यासाठी हात जोडून उभी आहे. दाजी, मला रडू आलं. अर्ज घालू नका. तुमच्या गल्लीतला हाडवैद्य अजून बसतो का, तेवढं कळवा. तिला घेऊन येतो.