प्लॅटिनमला पर्याय

३ मार्च
पाण्यातून हायड्रोजन काढायला जग प्लॅटिनम वापरतं. मी स्वस्त मॉलिब्डेनमवर काढून दाखवणार. गाइड मॅडमनी एकतीस तारखेची मुदत दिली आहे. निकाल नाही आला तर पीएचडी बंद. सातवं वर्ष चालू आहे, हे त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. गरज नव्हती.

५ मार्च
आम्लाच्या भांड्यात एका बाजूला माझी मॉलिब्डेनमची काळी पूड लावलेली कार्बनची पट्टी, समोर दुसरं टोक म्हणून प्लॅटिनमची तार. करंट सोडला. बुडबुडे जेमतेम. कॅटॅलिस्टला, म्हणजे क्रियेचा वेग वाढवणाऱ्या या पुडीला, रुळायला वेळ लागतो. मलाही लागला होता.

९ मार्च
बुडबुडे वाढले. मी काहीच केलं नाही, तरी वाढले. कॅटॅलिस्ट आपोआप सुधारतोय. जगात पहिल्यांदाच. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, घरात असं काही होत नाही. माझ्या डिग्रीपायी तिने स्वतःची बदली दोनदा लांबवली आहे. वाईट वाटतं. उद्यापासून भांडी मी घासणार.

१४ मार्च, दुपारी ४
भांडी राहिली. शेजारच्या टेबलवरची ज्युनिअर म्हणाली, दादा, तारेऐवजी ग्रॅफाइटची कांडी लावून एकदा बघा ना. म्हटलं, सगळं सुरळीत चाललंय, उगाच मोडता घालू नकोस. जळते बिचारी.

२२ मार्च
प्लॅटिनमच्या आलेखावर माझा आलेख तंतोतंत बसला. डोळे भरून आले. बायकोला फोन केला, बदली घे, आता दोघं निघू. ती बरं म्हणाली. आनंदाने शब्द फुटत नसावेत.

२६ मार्च
मॅडम म्हणाल्या, पट्टीवर नक्की काय आहे ते तपासून आण. निव्वळ फॉर्मॅलिटी. भाषणाचा मसुदा सुरू.

२९ मार्च, सकाळी
रिपोर्ट आला. माझ्या पुडीवर प्लॅटिनम सापडलंय. मशीन बिघडलं असावं.

२९ मार्च, संध्याकाळी ५
मशीन ठणठणीत आहे. समोरची तार कणाकणाने विरघळून माझ्या पुडीवर येऊन बसत होती. तीन आठवडे मी प्लॅटिनमच मोजत होतो.

३० मार्च
नवीन पट्टी, समोर ग्रॅफाइटची कांडी. बुडबुडे जेमतेम. ज्युनिअरने चहा आणून दिला. ते जास्त लागलं.

३१ मार्च
प्लॅटिनम उत्तम कॅटॅलिस्ट असल्याचं मी स्वतंत्रपणे सिद्ध केलं, असं मॅडमना सांगून पाहिलं. त्यांनी टेबलची किल्ली मागितली.
घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, इथे आता काही उरलं नाही, दोघांची तिकिटं काढ. ती म्हणाली, तिचं एकटीचं तिने बावीस तारखेलाच काढलंय, माझा फोन ठेवल्या ठेवल्या.