कावळ्याला दिलेला शब्द

१२ जानेवारी, रविवार

कावळा शिवेना!

शोभाचा आज दहावा. गाढी नदीच्या काठी पिंड मांडला, सर्वजण मागे सरून उभे राहिलो. कावळा समोरच्या भिंतीवर बसला — आणि बसूनच राहिला. अपूर्वने हात जोडले. "आई, बाबांना मी पुण्याला नेतो. तू काळजी करू नकोस." कावळ्याने पाठ फिरवली. सूनबाईंनी, ऋचाने, देवघर सांभाळण्याचे वचन दिले. परिणाम शून्य. गुरुजी घड्याळ पाहू लागले. त्यांना पुढे आणखी एक दहावा होता. पक्ष्यांशी वाटाघाटी करणे माझ्या तत्त्वात बसत नाही.

तेवढ्यात नेरे गावच्या हौसाबाई पुढे सरसावल्या. केमोच्या वेळी शोभाच्या शेजारच्या खुर्चीवर असत, त्या. वाकून पत्रावळ सारखी केली आणि मोठ्याने म्हणाल्या — "शोभाताय, तुजी गुरवारची बैठक तुज्याच घरान व्हईल. भावजी नाय बोलनार नाय!"

कावळा तत्काळ उतरला. मंडळी गहिवरली.

मला कोणी विचारलेसुद्धा नाही!

१६ जानेवारी, गुरुवार

आले!

शोभा दर गुरुवारी आपल्यासारख्या रुग्णांना घरी जमवीत असे. त्या वेळात मी वाचनालयात जात असे. आज ते शक्य नव्हते; चहा करणारे दुसरे कोणी घरात उरलेले नाही.

अरुंधतीबाई — कामोठ्याच्या निवृत्त शिक्षिका — आत येताच त्यांनी डोक्यावरचा केसांचा टोप काढला आणि माझ्या छत्रीच्या खुंटीला अडकवला. "दुसऱ्याच्या घरात टोपी काढून बसावं, कुमारराव. शिष्टाचार आहे." निकेश कळंबोलीच्या लोखंड बाजारात दलाली करतो. गुटख्यापायी अर्धी जीभ गेली. उरलेल्या अर्ध्या जिभेने तो सर्वांहून अधिक बोलतो, आणि त्यातले बहुतेक लिहिण्याजोगे नसते.

हौसाबाई शोभाच्या तसबिरीपुढे बराच वेळ उभ्या होत्या. मला वाटले, नमस्कार करीत आहेत. "भावजी, हिचा ह्यो फोटू बगा. केमोनंतर चार दिवस पोट साफ झाला नाय ना, तवा अशीच दिसायची!" सगळे हसले. दुःखाच्या घरात, खिडक्या उघड्या असताना!

तसबीर मी निवडली होती.

२३ जानेवारी, गुरुवार

चहा पांचट असल्याची एकमुखी तक्रार. तोंडाची चव गेल्याचेही हेच तिघे सांगतात.

२९ जानेवारी

शोभाची सकाळची गोळी पाकिटातून काढून वाटीत ठेवली. पाण्याचा पेला भरला. मग वाटी धुऊन पालथी घातली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज घडलेला प्रकार इतरत्र कोठेही सांगण्याजोगा नाही, म्हणून येथे लिहितो.

हौसाबाईंची एक बाजू शस्त्रक्रियेत काढलेली आहे. त्या जागी त्या स्वतः शिवलेली कापडी पिशवी ठेवतात, आत मोहरी. आज तक्रार अशी, की ती बाजू हलकी पडते आणि चालताना खांदा ओढला जातो. "भावजी, तुमी वजनमाप खात्यानं इन्स्पेक्टर होता ना? मंग बगा की!" — आणि पिशवी काढून माझ्या हातात दिली. ती गरम होती!

मी स्वयंपाकघरातला काटा आणला. आयुष्यभर मी वाण्यांची वजने जप्त केली, पण असा माल तपासणीस आलेला नव्हता. मूळ अवयवाचे वजन उपलब्ध नाही, हे मी निदर्शनास आणून दिले. "दुसरा हाय की," निकेश म्हणाला. त्याला मी खोलीबाहेर काढले. अखेर अंदाजाने दोन मुठी मोहरी वाढवली. हौसाबाई दिवाणखान्यात येरझारा घालू लागल्या. अरुंधतीबाई सोफ्यावर बसून, शाळेत कवायत घ्यावी तशा, "सरळ! मान वर!" म्हणून ओरडत होत्या.

"बराबर!" हौसाबाई म्हणाल्या. "आता शिक्का मारा!"

मी हसलो. तसबिरीकडे पाहिले आणि थांबलो. मग पुन्हा हसू आले.

२१ फेब्रुवारी

अपूर्वचा फोन. फ्लॅटला गिऱ्हाईक आहे. "बाबा, एकट्याने किती दिवस काढणार?" मी सांगितले, येणे शक्य नाही, कावळ्याला शब्द दिलेला आहे.

"बाबा, तुम्ही? कावळा?"

"शब्द म्हणजे शब्द."

"अहो, पण तो तुम्ही दिलाच नव्हता!"

"मी त्याचे खंडनही केले नव्हते."

२० मार्च, गुरुवार

हौसाबाईंचे नवे रिपोर्ट आले. कर्करोग यकृतात पसरला आहे. त्यांनी चकली मोडता मोडता सांगितले. "डाक्टर बोलला, पसरलाय. मी बोलली, जमीन इकल्यापासून माजी पोरा पन पसरलीत. तो कशाला मागं ऱ्हाईल?"

कोणी हसले नाही. त्या रागावल्या. "मी काय फुकट बोलते काय?" मग आम्ही हसलो.

मुलगे मोठ्या गाडीतून त्यांना आणतात आणि खाली गाडीतच बसून राहतात. वाईट नाहीत, घाबरतात. पुढच्या केमोला बरोबर कोण येणार, असे मी विचारले. त्यांनी दुसरी चकली मोडायला घेतली. मी जाईन म्हणालो. का म्हणालो, ठाऊक नाही.

३ एप्रिल, गुरुवार

तोच वॉर्ड. तीच हिरवी खुर्ची. शोभाच्या खुर्चीवर आता एक मुलगी होती, कानात गाणी घालून.

सलाईन सुरू झाले. हौसाबाई डोळे मिटून म्हणाल्या, "भावजी, एक सांगू? रागावू नका. त्यो कावला माज्या बोलन्यानं नाय आला. मी पत्रावळीखाली सुकट ठेवलेली."

सुकट! आमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही. शोभाच्या पिंडाशी मासळी!

"आवो, तिला लय आवडायची. केमोनं तोंडाला कसलीच चव नवती, तवा माज्याकडं येऊन सुकट-भाकरीच खायची. तुमाला बोलायची, दवाखान्यानं उशीर झाला."

घरी कधीमधी वास येई. "शेजाऱ्यांकडचा असेल," शोभा म्हणे. मी शेजाऱ्यांना दोनदा समज दिली होती!

"तिच्या आवडीचा ठेवला, तं ती आली," हौसाबाई म्हणाल्या. "यात माजी काय चूक?"

परतताना गाडीत मी पुढच्या सीटवर जाऊन बसलो.

५ एप्रिल

कपटाने मिळवलेला शब्द बंधनकारक नसतो. ही साधी गोष्ट आहे. अपूर्वला फोन करून सांगितले — गिऱ्हाइकाशी बोलून घे. तो इतका आनंदला, की फोन ठेवायचे विसरला. ऋचाला सांगताना ऐकू येत होता. मे अखेरीस पुणे.

घर पुन्हा माझ्या एकट्याचे झाले. संध्याकाळभर त्यात फिरलो. बसावे असे कोठे वाटले नाही.

१० एप्रिल, गुरुवार

बैठक बंद होणार, हे सांगितले. अरुंधतीबाईंनी टोप डोक्यावर चढवला आणि शेवटपर्यंत उतरवला नाही. निकेशने पहिल्यांदाच एक सभ्य वाक्य उच्चारले — "चहा बरा झाला होता, काका."

हौसाबाई आल्या नव्हत्या. अंगात ताकद नाही.

९ मे

नेऱ्याला गेलो. हौसाबाई पडवीतल्या खाटेवर, अर्ध्या झालेल्या. मोहरीची पिशवी उशाला. "आता दोनी बाजू सारख्याच झाल्या. तुमचा काटा नको."

मी पुण्याचे सांगितले.

"जावा की. पोराकडं जावा. मी कोन अडवनार?" मग उशाची पिशवी चाचपली. "फक्त माज्या दहाव्याला सुकट घेऊन या. पोरांना नाय सुचनार. ती कमान बांदत बसतील."

मी म्हणालो, असे अभद्र बोलू नये.

"भावजी, हसन्यान तुमी अजून नापास."

१६ मे

सकाळी निकेशचा फोन. त्याला बोलता येईना. कारण जीभ नव्हते.

२५ मे, रविवार

नेरे. हौसाबाईंचा दहावा. मोठ्या मुलाने कबूल केले — गावाच्या वेशीवर आईच्या नावाची कमान. कावळा आंब्यावर बसून राहिला. धाकट्याने नातवंडांची शपथ घेतली. नाही.

मी पुढे झालो. खिशातली पुडी सोडली. सुकट पत्रावळीवर, उघडपणे, सर्वांदेखत ठेवली. बरोबर आलेल्या अरुंधतीबाईंनी मान वळवली. कावळ्याने सुकटीकडे पाहिले. हलला नाही. ऊन चढत होते.

"हौसाबाई," मी म्हणालो — आवाज माझाच होता — "गुरुवारी चहा माझ्याकडे. मी कोठेही जात नाही."

तो उतरला. भाताचा घास घेतला आणि गेला.

सुकट तशीच राहिली.