व्हीलचेअरवाली खोली जावयास देण्यास मनाई मिळणेबाबत

दि. ३ ऑगस्ट २०२६

प्रति,
मा. प्रवासी सुविधा अधिकारी,
सागरमोहिनी जलपर्यटन कंपनी,
बंदर कार्यालय, मुंबई.

अर्जदार: सौ. साधना खुशालराव मोहोड, सेवानिवृत्त शिक्षिका, मु. पो. भातकुली, जि. अमरावती.

विषय: डिसेंबरच्या सफरीत माझ्या नावची व्हीलचेअरवाली खोली जावई, विहीण अथवा अन्य मानाचे पाहुणे यांस देण्यास मनाई करणारे लेखी पत्र मिळणेबाबत.

संदर्भ: १) दि. २२ ते २५ मे रोजीची मुंबई–गोवा जलसफर.
२) आपले दि. १५ जूनचे माफीपत्र.

महोदय,

१. मी एकतीस वर्षे शाळेत मुलांना अर्ज लिहायला शिकवले. अर्जात रडू नये, भांडू नये आणि साहेबाला गळ्याची शपथ घालू नये, हे माझे तीन नियम होते. शपथ घालणार नाही. बाकी दोन नियमांची हमी देता येत नाही, त्याबद्दल क्षमस्व. चार वर्षांपूर्वी गच्चीवरच्या कुरड्या आणायला गेले असता मी जिन्यावरून पडले. तेव्हापासून कमरेखाली बळ नाही आणि मी व्हीलचेअर वापरते. जिभेला इजा झालेली नाही, असे घरची मंडळी सांगतात.

२. सफरीहून परतल्यावर माझा मुलगा विपुल याने आईला व्हीलचेअर जाईल अशी खोली मिळाली नाही, अशी ऑनलाइन तक्रार केली. विपुल नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात आहे आणि तक्रारी ऐकून घेणे हेच त्याचे तिथले काम असल्याने संधी मिळताच त्याने स्वतः एक करून घेतली. त्यावर आपण माफी मागितली. ती माफी या अर्जासोबत परत पाठवीत आहे, कारण ती आमच्या वाट्याची नाही. आपण मला खोली क्र. ७०१४ बरोबर दिली होती. रुंद दार, न्हाणीघराला उंबरा नाही, भिंतीला धरायचे दांडे, बसून आंघोळ करायची घडीची पाटी, वर समुद्राकडे उघडणारा सज्जा. मी त्या खोलीत एक मिनिटही राहिले नाही.

३. आपल्या कार्यालयात वऱ्हाडातील कोणी नसावे असे समजून खुलासा करते. मे महिन्यात अधिक मास होता. अधिक मासात आमच्याकडे जावयाला बोलावून तेहतीस अनारशांचे वाण देतात. माझे जावई श्री. कुलदीपराव यांचे मूर्तिजापूरला कृषी केंद्र आहे. माणूस सज्जन आहे, खाण्यापिण्याला नखरे नाहीत, वजन एकशे आठ किलो. त्यांचा मान जहाजावरच करावा असे ठरले. जहाजात शिरल्यावर खोल्यांची कार्डे हातात आली तेव्हा ७०१४ ही इतर खोल्यांच्या जवळजवळ दुप्पट असल्याचे माझे यजमान खुशालराव यांच्या लक्षात आले. ते म्हणाले, ‘एवढी मोठी खोली जावायाले नाही देली तं बरं दिसते का? लोक काय म्हनतीन?’ भर समुद्रात लोक म्हणजे कोण, हे त्यांना कोणी विचारले नाही. खोली जावयांना देण्यात आली.

४. पुढील प्रकार आपल्या नोंदवहीतही असेल. धोक्याच्या वेळी कुठे जमायचे याची कवायत झाली. आपल्या यादीत ७०१४ मध्ये चालू न शकणारी व्यक्ती असल्याने आपले दोन कर्मचारी उचलखुर्ची घेऊन धावत आले. त्यांनी कुलदीपरावांना अदबीने बसवले, पट्टे आवळले आणि तीन जिने खाली नेले. कर्मचारी इंग्रजीत बोलत होते आणि जावई फक्त मान हलवत होते. नंतर विचारले तेव्हा म्हणाले, ‘मले वाटलं, अधिक महिन्याचं कंपनीकडूनबी काही असन.’ न्हाणीघरातील मदतीची लाल दोरी त्यांना वाळत घालण्याची वाटली. तिच्यावर त्यांनी पोहण्याची ओली चड्डी टाकली आणि दोरी ताणली जाताच परिचारिका हजर झाली. असे तीनदा झाले. तिसऱ्या वेळी ती स्ट्रेचर घेऊनच आली. आमच्या घरी जावयाची इतकी सरबराई आजवर झाली नव्हती, आणि पुढेही आमच्याच्याने होणार नाही.

५. हसून घ्यावे, मीही हसले. पण त्याच कवायतीच्या वेळी दोन मजले खाली, ५१३२ मध्ये मी पलंगावर एकटी होते आणि माझ्याकडे कोणी आले नाही. येणार तरी कसे, यादीप्रमाणे मी वर होते. त्या खोलीचे दार बावीस इंच, माझी खुर्ची पंचवीस इंच. खुर्ची घडी करून बाहेरच्या बोळात ठेवली आणि मला बापलेकांनी उचलून आत नेले. न्हाणीघराला वीतभर उंबरा. तिथे जायचे तर दर वेळी दोन माणसे हवीत, आणि त्यांपैकी एक माझा मुलगा. दुसऱ्या दिवसापासून मी पाणी पिणे कमी केले. ती आतली खोली, खिडकीही नव्हती. जहाजाच्या टोकावर लावलेल्या कॅमेऱ्याचे चित्र टीव्हीवर दिसे, तोच माझा समुद्र. दामिनी, म्हणजे माझी मुलगी, दर तासाला डोकावून ‘आई, काही पायजे का?’ विचारायची. मी नाही म्हणायची. मला फार राग आला होता, महोदय. अजूनही आहे.

६. चाकाच्या खुर्चीसह जहाजावर येणाऱ्या कुटुंबांसाठी आपण माहितीपत्रक छापता असे कळते. त्यात पुढील मजकूर घालावा. खुर्ची मोजताना चाकांवरचे हात धरून मोजावे, नाहीतर दारात बोटे सोलून निघतात. वाटेतल्या बंदरात जहाज धक्क्याला लागते की लहान होडीत उतरावे लागते, हे पैसे भरण्याआधी विचारावे. पंक्चरचे सामान सोबत घ्यावे, समुद्रात सायकलवाला नसतो. आणि खुर्चीत बसलेल्या माणसाशी बोलावे, ढकलणाऱ्याशी नाही. प्रवेशद्वारावर आपल्या कंपनीच्या मुलीने माझ्या डोक्यावरून यजमानांना विचारले, ‘मॅडम चालू शकतात का?’ चारचौघांत कमीपणा नको म्हणून ते म्हणाले, ‘थोडंसं.’ त्या थोडंशापायी जहाजात चढायच्या उतारावर मला मदतनीस मिळाला नाही आणि मला ढकलत वर नेताना त्यांचीच कंबर धरली.

७. आता डिसेंबरबाबत. घरच्यांनी पुन्हा सात जणांची सफर ठरवली आहे. कारण काय, तर मागच्या वेळी आईला काहीच नीट पाहता आले नाही. ७०१४ पुन्हा माझ्या नावाने घेतली आहे. मात्र या वेळी जावयांच्या मातोश्री सत्यभामाबाई येत आहेत. विहीणबाईंचा मान जावयाहून कमी नसतो, हे मी मुंबईच्या अधिकाऱ्यांना सांगायला नको. यजमान आत्तापासूनच ‘विहीनबाईच्या गुडघ्याले तरास आहे’ असे रोज चहाच्या वेळी बोलून राहिले आहेत. विहीणबाई रोज सकाळी तीन किलोमीटर फिरतात. वेगात मी त्यांना खुर्चीवरूनही हरवेन, पण गुडघ्याच्या या नव्या आजारापुढे टिकणार नाही.

८. तरी विनंती की, ७०१४ ही खोली अर्जदाराखेरीज कोणासही वापरता येणार नाही, असे पत्र गोल शिक्क्यासह यजमानांच्या नावे पाठवावे. पत्र इंग्रजीत असावे. मराठीतल्या नियमावर आमच्या घरी चर्चा होते, इंग्रजीतला नियम मुकाट पाळतात. कार्ड माझ्याच हातात द्यावे आणि कवायतीची यादी खोलीप्रमाणे न करता माणसाप्रमाणे करावी.

९. येथेच अर्ज संपवणार होते. पण वर ‘देण्यात आली’ असे लिहिले तिथे कोणी दिली हे मी टाळले. यजमान फक्त बोलले होते. कुलदीपरावांनी मागितली नव्हती, ती खोली कोणासाठी आहे हे त्यांना ठाऊकही नव्हते. दामिनी तर ‘आई, असं नको’ म्हणाली होती. तेहतीस अनारशांच्या ताटात ते कार्ड मी माझ्या हाताने ठेवले आणि हसत हसत ताट जावयांच्या हातात दिले. कोणाला आपला त्रास नको, ही सवय पाय गेल्यापासून जास्तच वाढली आहे.

म्हणून शेवटची आणि खरी विनंती अशी की, डिसेंबरमध्ये मी आपल्या खिडकीशी येईन. सोबत विहीणबाई असतील. मी हसत म्हणेन, ‘त्याह्यले द्या ती खोली, माह्यं काय, मी कुठंबी भागवून घेतो.’ मी खूप आग्रह करेन, आणि तो खराही वाटेल. त्या वेळी कृपा करून माझे ऐकू नये.

आपली विश्वासू,
पण या एका बाबतीत स्वतःवर विश्वास नसलेली,

(सही)
सौ. साधना खुशालराव मोहोड

सोबत: १) आपले माफीपत्र, मूळ प्रत.
२) दिव्यांगत्व प्रमाणपत्राची छायाप्रत.
३) खुर्चीचे माप, हात धरून: अठ्ठावीस इंच.