माणशी एक

११ ऑगस्ट

नोटीस आली. एक नव्हे, दोन! एक बाबांच्या शिवणकामावर, दुसरी मागच्या खोलीतल्या रंगकामावर — जिथे आई लोकांचे विटलेले कपडे पुन्हा रंगवून देते. दोन्ही बाबांच्या नावे. दोन्हींत राज्याचा व्यवसाय कर, कमाल दराने.

बाबा म्हणाले, "भरून टाकू. सरकारशी वाद म्हणजे दगडावर डोकं आपटणं." म्हणजे दुकानाचं गळकं छप्पर यंदाही तसंच राहणार. मी म्हटलं, थांबा, घरात आता वकील आहे. आई म्हणाली, "बरं झालं. सकाळपासून सिंकमध्ये भांडीपण आहेत."

१२ ऑगस्ट

राज्यघटना पुन्हा काढली. राज्याला धंद्यांवर, व्यवसायांवर कर लावता येतो. पण एका माणसाकडून वर्षाला ठरलेल्या मर्यादेपलीकडे नाही. धंद्यामागे नव्हे — माणसामागे. मग बाबांवर दोनदा कसा? ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या डोळ्यांसमोर आमच्यासारखी माणसं असणारच. दिवसभर एका जागी बसवलं नाही.

१४ ऑगस्ट

ज्यांच्या हाताखाली शिकते ते वकीलसाहेब म्हणाले, "मुद्दा पक्का आहे. अधिकारी एवढंच विचारेल — माणूस एकच ना? तिथे चाचरू नकोस."

चाचरायचं काय त्यात? दोन्ही कामांचा परवाना बाबांच्या नावावर आहे.

१९ ऑगस्ट

उद्या सुनावणी. कलम पुन्हा मोठ्याने वाचून पाहिलं.

२० ऑगस्ट

जिंकलो. मी कलम पुढे केलं. अधिकाऱ्याने कलम वाचलं, चष्मा पुसला, विचारलं, "दोन्ही कामं हेच करतात?"

"हो. माणूस एकच आहे."

दुसरी नोटीस रद्द. बाबांनी कचेरीतच माझ्या डोक्यावर हात ठेवला. आई शेजारच्या खुर्चीवर होती. तिने दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीखाली घेतले. तिची नखं कायम निळी असतात.

येताना मी म्हटलं, "आई, जिंकलो ना आपण?"

"हो ना. माणूस एकच निघाला."

२२ ऑगस्ट

एक बाई पडदे रंगवायला घेऊन आल्या. आई शांतपणे म्हणाली, "रंगवणारे पुढे मशीनवर बसलेत, त्यांना विचारा." बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाई गेल्यावर म्हणाले, "अगं, मला रंगाच्या पाण्यात मीठ किती घालतात तेसुद्धा ठाऊक नाही."

"शिका की. परवाना आहे तुमच्याकडे."

मला हसू आलं. मग नाही आलं.

२३ ऑगस्ट

आईला समजावायला गेले. म्हटलं, ती कायद्याची भाषा आहे गं, तिथे तसंच म्हणावं लागतं. तुझ्या कामाला कोण नाही म्हणतंय?

ती टब घासत होती. मान वर केली नाही. "मग कायद्यात मी कोण, ते सांग. तू शिकलीस ना ते."

मी काहीतरी बोलले. काय बोलले ते लिहावंसं वाटत नाही.

२४ ऑगस्ट

बाबांना विचारलं, परवाना काढताना आईचं नाव का नाही घातलं? म्हणाले, "कुणी विचारलंच नाही." मीही कुठे विचारलं होतं?

२७ ऑगस्ट

आई सकाळी एकटीच कर कचेरीत जाऊन आली. रंगकामाचा परवाना स्वतःच्या नावावर मागितला, त्यावरचा पूर्ण करही कबूल केला. अर्ज कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडून लिहून घेतला.