अठरानंतरचा रकाना

मी, पुस्तकबांधणीचे दुकान चालवणारी, वय एकोणसत्तर, विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. स्वादुपिंडाचा आजार आहे आणि डॉक्टरांच्या मते उन्हाळा निघणार नाही. डोके शाबूत आहे. यापूर्वी घर दिराच्या नावे करणारे मृत्युपत्र मी केले होते, ते आजपासून रद्द. का, ते खाली येईल.

१. माझ्या मागे एकच वारस, माझा मुलगा, वय छत्तीस. त्याला ऑटिझम आहे. बोलतो मोजके. कागदाच्या गठ्ठ्याची कड सरळ झाल्याशिवाय जागचा हलत नाही, म्हणून दुकानात सगळे त्याला काटकोन म्हणतात, आणि त्यालाही ते चालते. तो अठरा वर्षांचा झाला त्या आठवड्यात शाळेने त्याचे दप्तर आणि नाव कमी केल्याचे पत्र माझ्या हातात ठेवले. मी मदतीसाठी सरकारी कचेरी गाठली. कारकून म्हणाला, "बाई, आमच्या फॉर्मात अठरानंतरचा रकानाच नाही. हे लहान मुलांचं असतं."

"मग वाढदिवसाला तो बरा झाला म्हणायचा?"

"ते मला काय विचारता? पुढे कोण आहे, या."

पुढची बारा वर्षे मी तोंड मिटून पुस्तकांचे फर्मे शिवत बसले. त्याचा दोष कारकुनाकडे जात नाही, माझ्याकडेच राहतो.

२. काटकोन तिशीचा असताना बसथांब्यावर हात झटकत उभा होता. आनंदात असला की तो हात झटकतो. कोणीतरी पोलिसांना बोलावले. दोघांनी त्याला फरशीवर दाबून धरले, त्यात खांदा निखळला. इस्पितळात चार दिवस त्याची मनगटे पलंगाला बांधलेली होती, कारण तो ओरडत होता. आणि तो ओरडत होता, कारण त्याला बांधले होते. मला दाराबाहेर बाकावर बसवले. त्याला घरी आणले त्याच दिवशी मी पुठ्ठ्यावर लिहून दुकानाच्या दारावर लावले: "तुमच्या घरात असा मोठा माणूस आहे का? रविवारी चार वाजता आत या."

पाच जण आले. त्यात बसवरचे निवृत्त ड्रायव्हरकाका होते, त्यांची मुलगी चाळिशीची. बाजारात जाताना ते तिला कुलूप लावून जात, हे सांगताना त्यांनी मान वर केली नाही. एक नर्सबाई होत्या, त्यांचा भाऊ असाच. चहा झाला, रडणे झाले, मग नर्सबाई म्हणाल्या, "रडून झालं असेल तर आधी मोजूया. आकडा नसेल तर आपल्याला कोण विचारतंय?"

आम्ही दारोदार फिरलो. लोक आधी "आमच्याकडे नाही कोणी" म्हणत आणि आतून आवाज येई. दीड वर्षात दोनशे तेरा माणसे निघाली. प्रत्येकाचे एक पान करून मी त्याचे पुस्तक बांधले, कापडी पाठीचे. नगरपालिकेच्या सभेत अध्यक्षांनी ते चाळले, डोळे पुसले, "मन हेलावलं" म्हणाले आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. असे सात वेळा झाले. आठव्या वेळी आम्ही सत्तावीस जण आपापल्या मुलांना, भावंडांना घेऊन सभागृहात जाऊन बसलो. तेव्हा तळमजल्याची एक खोली मिळाली, आठवड्यातून दोन दिवस, आणि एक शिकलेली मदतनीस. इस्पितळाने न बांधण्याचे लेखी दिले. सहा वर्षांत एवढेच.

ते पुस्तक नर्सबाईंना. नवी पाने जोडता यावीत म्हणून शिवण मुद्दाम सैल ठेवली आहे.

३. गेल्या वर्षी ड्रायव्हरकाका न्हाणीघरात पडून गेले. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी दार फोडले. मुलगी त्यांच्याजवळ बसून होती. घरातली होती नव्हती तेवढी पांघरुणे तिने त्यांच्या अंगावर घातली होती. तिला त्याच दुपारी दूरच्या संस्थेत नेले. पत्ता काढून, अर्ज करून, वकिलाची नोटीस पाठवून आम्ही अकरा महिन्यांनी तिला परत आणली. पूर्वी गाणे गुणगुणायची. आता तेही नाही. माझ्या माडीवर राहते.

४. म्हणून माझे घर, खाली दुकान व वर तीन खोल्या, आमच्या रविवारच्या मंडळाच्या नावे. अट अशी की काटकोन, ड्रायव्हरकाकांची मुलगी आणि त्या पुस्तकातले आणखी दोघे मोठे हयात असेपर्यंत तिथेच राहतील, सोबत पगारी माणूस राहील, आणि बाहेरून लागणारी कडी कुठल्याही दाराला नसेल. बँकेतली शिल्लक त्याच कामी. व्यवस्था नर्सबाईंनी पाहावी.

५. माझ्या दिराला काही नाही. भावजी, तुम्ही माझ्या पलंगाशेजारी बसून म्हणालात, "वहिनी, त्याला संस्थेत टाकू, त्याला कुठे काय कळतंय?" तो दारात उभा होता. त्या दिवसापासून तुम्ही आलात की तो माळ्यावर जाऊन बसतो. कोर्टात जायचे तर जा.

६. कापणीचे यंत्र, पुस्तके दाबायचा शिकंजा, दाभणे शेजारच्या कागदवाल्याला. माझ्या मुलाला काम द्यायला दया लागत नाही, हे त्यानेच आधी ओळखले.

७. मी गेल्यावर काटकोनाला कसे सांगायचे, हे कलम कोणी बदलू नये. त्याचे वडील गेले तेव्हा आम्ही "बाबा गावाला गेलेत" म्हणालो. तो पिशवी भरून पायरीवर बसला. अकरा दिवस बसला. आजही बस थांबली की उठून खिडकीशी जातो. हा अपराध माझा. तेव्हा झोपली, गेली, देवाघरी, असले काही बोलू नये. त्याला माझे शरीर दाखवावे, हात लावू द्यावा, आणि सांगावे: "आई मेली. आता ती कधीच येणार नाही. तू इथेच राहणार आहेस." विचारेल तितक्या वेळा हेच, याच शब्दांत.

स्थळ: माझे दुकान, कापणीचे टेबल
दिनांक: ९ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी अकरा

सही: बांधणीवाली

साक्षीदार पहिला: डॉक्टर. बाईंना तपासले, पूर्ण शुद्धीवर आहेत. त्यांनी माझ्यासमोर सही केली, मी त्यांच्यासमोर.

साक्षीदार दुसरी: वरच्या गल्लीतली शिक्षिका. मीही हजर होते. बाई लिहिताना एकदाच थांबल्या, सातव्या कलमापाशी. "मी लिहू का?" असे मी विचारले. "नको," म्हणाल्या, "हे मला बोलता येणार नाही, लिहू तरी दे."