सात दात आणि वैजयंताची डबी

२ एप्रिल, सकाळ
आज आरशासमोर दातांची अधिकृत मोजणी केली. सात. वर तीन, खाली चार. आठवा सोमवारी पाव खाताना गेला, पण तो पहिल्यापासूनच नाराज होता, त्याला मोजण्यात अर्थ नव्हता.

संध्याकाळ
बेव्हर्ली पार्कला दातांच्या दवाखान्यात डॉ. क्षितिजाकडे गेलो. तिशीचीसुद्धा नसेल, मला काका म्हणते. म्हणाली, सातही हलतायत, सगळे काढून पूर्ण कवळी बसवू. विचार करून सांगतो म्हणालो. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढली आहेत. खांब हलतो म्हणून आम्ही लगेच उपटत नव्हतो. निघताना म्हणाली, घरी काकूंना विचारा एकदा. बायकोला विचारून दात काढायचे, ही नवीन पिढीची फॅशन दिसते.

३ एप्रिल
ठराव: महिनाभर अभ्यास, मग शांतपणे निर्णय. मुदत १ मे, बुद्धपौर्णिमा. पेणकरपाड्याच्या आमच्या विहारात बावीस वर्षं माईकवर वंदना मी घेतो. मी ओळ म्हणायची, मागून सगळ्यांनी म्हणायची. नव्या कवळीने जीभ अडखळली तर माईक जाणार. आहेत ते दात पडत गेले तरी जाणार. माईक गेला तर माझ्याकडे पेन्शन आणि टीव्ही एवढंच उरतं. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितोय.

वैजयंताला काही बोललो नाही. तिला दातांचं दुःख काय कळणार? माझ्याहून चारच वर्षांनी लहान, पण दात बघावेत. पांढरे, सरळ, एका रांगेत. खारे शेंगदाणे अख्खे खाते. मला कूट करून देते. मला कूटच आवडतं.

६ एप्रिल
अभ्यास सुरू. काशीगावला धाकूकडे गेलो. आमच्या खात्यातला जुना लाईनमन, गेल्या वर्षी पूर्ण कवळी बसवली. अनुभव विचारला. त्याने शर्टाच्या खिशातून कवळी काढली, तोंडात बसवली आणि मग उत्तर दिलं. म्हणाला, बोलाला बरी हाय, खावाला न्हाय. जेवण आल्यावर पुन्हा खिशात ठेवली आणि नुसत्या हिरड्यांनी दोन बोंबील संपवले. मला एक संपला नाही. बोंबील कडक होता.

कवळी नको. कवळीवाला माणूस मी शंभर फुटांवरून ओळखतो. हसणं उसनं वाटतं. माझी नजर या बाबतीत फार तयार आहे.

९ एप्रिल
हिरड्या बळकट करायच्या. मीठ आणि मोहरीचं तेल, रोज दोन वेळा मालीश. उद्यापासून.

११ एप्रिल
आजपासून.

१२ एप्रिल
मालीश जरा जोरात झाली. सहा.

१४ एप्रिल
जयंती. विहारात सकाळी मोठी गर्दी. वंदना घेतली. प्रत्येक 'स'ला माईकमधून बारीक शीळ. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं, मग दोन रांगा हसल्या. रवीला म्हटलं, माईक बदला. रवी मंडळाचा सेक्रेटरी, बँकेत आहे, तोंडात पूर्ण बत्तीस. त्याने माईक हातात घेऊन 'सर्वांना सूचना' म्हणून बघितलं. शीळ नाही. सदोष माईक माणूस बघून वाजतो.

१५ एप्रिल
रवी घरी आला. अतिशय नम्रपणे म्हणाला, काका, पौर्णिमेला तुम्ही आराम करा, दुसरं कोणीतरी वंदना घेईल. विचार करून सांगतो म्हणालो. तो गेल्यावर खूप वाईट वाटलं. बावीस वर्षं. वैजयंताने विचारलं काय झालं, तर गॅसेस म्हणून सांगितलं.

१७ एप्रिल
महत्त्वाचा शोध. उत्तर घरातच आहे.

स्वयंपाकघरात फळीवर, साखरेच्या डब्यामागे, वैजयंताची एक स्टीलची डबी असते. झाकणावर नाव कोरलेलं, सौ. वैजयंता स. तांबे. रोज पहाटे उठून ती डबी घेऊन बाथरूममध्ये जाते. गेली तीन वर्षं. त्यात मिसरी आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तिची आई मंडणगडला तंबाखू भाजून दोन वेळा दातांना मिसरी लावायची. बाईमाणसाला लाज वाटेल म्हणून मी कधी विषय काढला नाही, डबीला हातही लावला नाही. माझं मन मोठं आहे. पण आज लक्षात आलं, तिच्या दातांचं रहस्य तेच.

२० एप्रिल
आडून विचारलं. म्हटलं, तुझे दात इतके छान कसे गं? ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, चेष्टा करताय का माझी? आणि आत निघून गेली. मिसरीचं व्यसन माणसाला असं हळवं करतं.

२४ एप्रिल
बाजारात मुद्दाम कडक पेरू मागितला. फळवाला म्हणाला, चाचा, चीकू ले जाओ, एकदम मक्खन है. अपमान झाला. अर्धा किलो चिकू घेतले. चांगले निघाले.

२८ एप्रिल
पाच. कसा गेला ते माहीत नाही. बहुतेक चिकूत.

रवीचा फोन. वंदनेचं काय ठरवू, विचारत होता. परवा सांगतो म्हणालो. दोन दिवस मिसरी लावली की हिरड्या आवळतील, शीळ बंद होईल. तिच्या डबीतली एक चिमूट कमी झाली तर तिला कळणार नाही.

३० एप्रिल, पहाटे ५.१०
वैजयंता उठायच्या आत स्वयंपाकघरात गेलो. डबी घेतली. झाकण काढून बोट घातलं. आत पाणी. पाण्यात दात. वरचे आणि खालचे. पांढरे, सरळ, एका रांगेत.

स्टुलावर बसलो.

त्याच दिवशी, ७.३०
मागे वळलो तर दारात वैजयंता. तोंडावर पदर, हात पुढे. डबी दिली. बेसिनवर जाऊन दात बसवून आली आणि मग बोलली. तीन वर्षांपूर्वी मला विचारलं होतं म्हणे, सगळे काढून कवळी बसवू का. मी तेव्हा मोबाईलवर रवीशी मंडपाचं बोलत होतो. तिला म्हणालो, विचार करून सांगतो. तिने आठ दिवस वाट बघितली आणि डॉ. क्षितिजाकडे एकटी जाऊन आली. दात काढल्यावर महिनाभर पातळ खिचडीवर होती. ती खिचडी मीही खाल्ली होती. मला वाटलं, मला बरं नाही म्हणून करते.

मी म्हटलं, मला मिसरी वाटली. यावर ती हसली नाही. म्हणाली, मला वाटायचं तुम्हाला सगळं कळलंय, मला लाज वाटेल म्हणून बोलत नाही. तेवढं एक बरं वाटायचं.

तीन वर्षं दोन्ही वेळ समोरासमोर बसून जेवलो आहे. शंभर फूट कुठले, दीड फुटावर.

१ मे, बुद्धपौर्णिमा
रवीला काल मीच फोन करून नाव सुचवलं. वंदना वैजयंताने घेतली. एकेक 'स' स्वच्छ. मी मागच्या रांगेत उभा राहून सगळ्यांबरोबर म्हणालो. बारीक शीळ माझ्यापुरती येत होती. माईक उत्तम आहे.

४ मे
डॉ. क्षितिजाने मला विचारलं, काका, काय ठरलं? शेजारच्या खुर्चीतून वैजयंताने उत्तर दिलं, उद्याच काढा. दातांची आता मोजणी करत नाही.

येताना भांड्यांच्या दुकानात थांबून माझ्यासाठी डबी घेतली, तिच्यासारखीच. नाव कोरणाऱ्याने मशीन चालू केलं. श्री. सहादेव तांबे. मग विचारलं, तारीख डालनी है क्या? मी विचार करून सांगतो म्हणणार होतो, तेवढ्यात वैजयंताने उद्याची तारीख सांगितली.